हिरड्यांची सूज आणि रक्ताची गुठळी

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद फट असते. निरोगी तोंडात तिची खोली एक ते तीन मिलिमीटर भरते. फटीच्या आतले अस्तर अतिशय पातळ असते आणि त्याच्या लगेच खाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. दातांवर जंतूंचा मऊ, चिकट थर रोज साचतो. तो वेळेवर निघाला नाही तर लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि त्याचे टणक कीटण होते. कीटणाच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा थर आणखी सहज बसतो, हिरडी लाल होते, सुजते आणि हात लागताच रक्त येते. ही झाली पहिली पायरी. सूज आत सरकून दाताला हाडाशी बांधणारे तंतू तुटू लागले की फट खोल होते, तिच्यात पू धरतो, हाड झिजते आणि दात हलू लागतात. या दुसऱ्या पायरीला गावोगावी पायोरिया म्हणतात. हा विकार जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी होणारे १५ विकार मोजले आहेत आणि त्यांतल्या ‘दन्तवेष्ट’ या विकाराची लक्षणे पू, रक्त आणि हलणारे दात अशीच दिली आहेत.

पहिल्या पायरीवरून माघारी फिरता येते, हे १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो यांनी प्रयोगाने दाखवले. निरोगी हिरड्यांच्या १२ तरुणांनी दात घासणे पूर्ण थांबवले. दहा ते एकवीस दिवसांत त्या सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि दात पुन्हा घासू लागल्यावर थोड्याच दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. दुसऱ्या पायरीवर गेलेले हाड मात्र सहसा परत येत नाही. याच ल्यो यांनी १९७० पासून श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरील ४८० मजुरांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला. या माणसांनी कधी दातांचा डॉक्टर पाहिला नव्हता आणि ब्रशही वापरला नव्हता. त्यांच्यातल्या सुमारे ८ टक्के लोकांचे दात झपाट्याने गेले, ८१ टक्क्यांचा आजार संथपणे वाढत राहिला आणि ११ टक्क्यांचा रोग हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. कीटण जवळजवळ सर्वांच्या तोंडात होते, तरी नुकसान सारखे नव्हते. रोग कुणाला किती पोखरणार, हे त्या माणसाची प्रतिकारशक्ती जंतूंना कसे उत्तर देते यावर बरेच ठरते. गुठळीच्या प्रश्नातही हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

दातांभोवतीच्या खोल फटींचे सगळे अस्तर एकत्र मोजले तर पायोरियाच्या रुग्णात ते साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते. पायावर एवढी जखम वर्षभर वाहत राहिली तर माणूस कामधंदा सोडून दवाखाना गाठील. तोंडातली जखम दिसत नाही आणि बहुधा दुखतही नाही. म्हणूनच ती वीस-वीस वर्षे तशीच राहते.

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेल्या जत तालुक्यासारख्या दुष्काळी भागात ती आणखी एका कारणाने झाकली जाते. ते कारण म्हणजे तंबाखू. निपाणीचा तंबाखूपट्टा या भागापासून फार लांब नाही आणि मळलेली तंबाखू इथे शेताच्या बांधापासून एसटी स्टँडपर्यंत सगळीकडे आहे. बायकांमध्ये मशेरी लावण्याची सवय जुनी आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून तिची पूड करायची आणि बोटाने दात-हिरड्यांवर घासायची. सुरुवात बहुधा दात घासण्याच्या किंवा दातदुखीच्या निमित्ताने होते. पुढे दिवसातून चार-पाच वेळा लावल्याशिवाय चैन पडत नाही. आईची डबी लेकीच्या हातात येते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते आणि धूर न काढता वापरणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के होते. म्हणजे महाराष्ट्राची तंबाखू मुख्यतः तोंडात राहते, हिरडीला थेट चिकटून.

तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे रक्त येण्याची पहिली सूचना उशिरा मिळते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे स्पष्ट दिसून आले आहे: आत हाड झिजत असते आणि वरून हिरडी कोरडी, फिकट, बरी वाटते. मशेरीने हिरडी बधिर होऊन दुखणे तात्पुरते थांबते, म्हणून ती औषधच आहे अशी समजूत पक्की होते. ही समजूत दातांचे जे नुकसान करते त्याहून मोठे नुकसान पुढच्या साखळीतून होऊ शकते. ती साखळी समजण्यासाठी आधी गुठळी कशी बनते ते पाहावे लागते.

रक्त वाहिनीत पातळ राहते आणि जखमेवर साखळते, या दोन्ही गोष्टी जगण्यासाठी सारख्याच गरजेच्या आहेत. वाहिनीचे आतले अस्तर फाटले की रक्तातल्या बारीक चकत्या, म्हणजे प्लेटलेट, तिथे चिकटतात आणि एकमेकींना बोलावून घेतात. त्याच वेळी रक्तद्रवातली प्रथिने एकामागून एक जागी होतात. साखळीच्या शेवटी प्रोथ्रॉम्बिनचे थ्रॉम्बिन होते आणि थ्रॉम्बिन विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे तयार करते. धनगर रात्री मेंढरांभोवती जाळीची वाघर लावतात, तसे हे धागे रक्तपेशींना घेरून जागीच धरून ठेवतात. काम झाल्यावर प्लाझ्मिन नावाचे प्रथिन हे जाळे विरघळवते. नको तिथे गुठळी का होते याची तीन कारणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झालेल्या जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्शो यांच्या नावाने आजही शिकवली जातात: वाहिनीच्या अस्तराला इजा, रक्ताचा मंदावलेला प्रवाह आणि रक्ताचा साखळण्याकडे वाढलेला कल.

धमनीतली गुठळी बहुधा चरबीच्या फुटलेल्या थरावर, मुख्यतः प्लेटलेटची बनते. ती हृदयात अडकली तर हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूत अडकली तर अर्धांगवायू. शिरेतली गुठळी बहुतेक वेळा पोटरी-मांडीच्या खोल शिरांत, संथ प्रवाहात, फायब्रिनच्या जाळ्यात लाल पेशी अडकून होते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. हिरड्यांचा संबंध या दोन्हींशी जोडला जातो, पण पुराव्याचे वजन सारखे नाही. धमन्यांच्या बाबतीत अभ्यास भरपूर आहेत. शिरांच्या बाबतीत ते थोडे आहेत आणि बहुतेक निरीक्षणाचे आहेत. त्यांतून संबंधाकडे बोट दाखवले जाते, एवढेच आज म्हणता येते.

हिरडीपासून गुठळीपर्यंत जाण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. सर्वांत सरळ वाट जंतूंची. सुजलेल्या फटीचे अस्तर जागोजागी तुटलेले असते. दात घासताना किंवा दात काढताना तिथले जंतू रक्तात शिरतात. २००८ मध्ये अमेरिकेत पीटर लॉकहार्ट आणि सहकाऱ्यांनी २९० जणांवर केलेल्या अभ्यासात नुसत्या ब्रश करण्याने २३ टक्के लोकांच्या रक्तात जंतू सापडले. प्रतिजैविक न देता दात काढलेल्यांत हे प्रमाण ६० टक्के होते. निरोगी माणसाच्या रक्तातून हे जंतू थोड्याच वेळात नाहीसे होतात. पण ज्याच्या तोंडात कीटण आणि सूज कायमची आहे त्याच्या बाबतीत ही घुसखोरी रोज, वर्षानुवर्षे होत राहते.

या जंतूंपैकी पॉर्फायरोमोनास जिंजिवॅलिस याचा अभ्यास सर्वांत बारकाईने झाला आहे. तो जिंजिपेन नावाची प्रथिने कापणारी द्रव्ये सोडतो. त्यांच्यातला एक प्रकार फायब्रिनोजेनचे तुकडे करतो, म्हणून फटीत रक्त साखळत नाही आणि हिरडी वाहत राहते. दुसरा प्रकार प्रोथ्रॉम्बिनचे थेट थ्रॉम्बिन करू शकतो आणि प्लेटलेटच्या पृष्ठभागावरची जी ग्राहके थ्रॉम्बिनने जागी होतात तीच जागी करतो. एकाच जंतूची द्रव्ये हिरडीत रक्त वाहते ठेवतात आणि प्रयोगशाळेत मानवी रक्ताला साखळायला लावतात. हिरडीतून रक्त येते म्हणजे ‘रक्त पातळ आहे’, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती इथे पूर्ण उलटी ठरते. तोंडातल्या स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिससारख्या जंतूंच्या अंगीही प्लेटलेट एकत्र आणण्याचा गुण आहे.

दुसरी वाट जंतूंविनाच चालते. हिरडीतल्या सुजेतून इंटरल्युकिन-६ सारखी संदेशद्रव्ये रक्तात उतरतात आणि यकृतापर्यंत पोहोचतात. यकृत त्यावर सीआरपी हे सुजेची खूण असलेले प्रथिन आणि फायब्रिनोजेन यांचे उत्पादन वाढवते. रक्तातले फायब्रिनोजेन वाढले की गुठळीचा कच्चा माल वाढतो. गुठळी विरघळवणाऱ्या यंत्रणेला लगाम घालणारे पीएआय-१ हे द्रव्यही सुजेच्या काळात वाढते. धमनीचे अस्तर जे एरवी नायट्रिक ऑक्साइड सोडून प्लेटलेटना दूर ठेवते, त्याचे काम मंदावते. फिर्शोच्या तीन कारणांपैकी दोन, अस्तराची इजा आणि रक्ताचा कल, अशी हिरडीच्या सुजेशी येऊन मिळतात.

जंतूंशी लढायला हिरडीत गोळा होणाऱ्या पांढऱ्या पेशीही यात भर घालतात. न्यूट्रोफिल नावाच्या या पेशी मरताना आपल्या डीएनएचे धागे बाहेर फेकतात आणि जंतूंना त्यांत अडकवतात. हा प्रकार २००४ मध्ये पहिल्यांदा वर्णिला गेला. पुढे असे दिसले की हेच धागे प्लेटलेट आणि फायब्रिनलाही आधार देतात, आणि शिरांतल्या गुठळ्यांतही ते सापडतात. संबंधाची दिशा उलटीही असते, हे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय दंत संशोधन संस्थेच्या कामातून पुढे आले. ज्यांच्या शरीरात फायब्रिन विरघळवण्याची क्षमता जन्मतः कमी असते त्यांच्या हिरडीत फायब्रिन साठते, ते न्यूट्रोफिलना चिथावते आणि हाड झिजते. गुठळी बनवणारी आणि सूज आणणारी यंत्रणा एकमेकींत इतकी गुंतलेली आहे की एकीला हात लावल्यावर दुसरी हलतेच.

प्रयोगशाळेत जे घडते ते माणसात त्याच जोराने घडतेच असे नाही. या विषयाचा इतिहास त्याची आठवण करून देतो. १९१० मध्ये ब्रिटिश वैद्य विल्यम हंटर यांनी माँट्रियलमध्ये भाषण करून तोंडातल्या दडलेल्या पूला कितीतरी रोगांसाठी जबाबदार धरले. त्यानंतरची दोन-तीन दशके संधिवातापासून मानसिक विकारांपर्यंत सगळ्यावर उपाय म्हणून चांगले दात उपटले गेले. रोग बरे झाले नाहीत आणि ती कल्पना बदनाम होऊन मागे पडली. हा प्रश्न १९८९ मध्ये फिनलंडमधून पुन्हा वर आला. किम्मो मॅटिला आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या १०० जणांची तुलना १०२ निरोगी लोकांशी केली आणि झटका आलेल्यांचे दात-हिरड्या अधिक खराब आढळल्या. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ९,७६० लोकांच्या दीर्घ नोंदींवरून असे निघाले की पायोरिया असणाऱ्यांत हृदयधमनीच्या विकाराचा धोका २५ टक्के अधिक होता, आणि पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत तो याहून बराच जास्त. मग २००० मध्ये दुसऱ्या एका गटाने त्याच सर्वेक्षणाची माहिती वेगळ्या पद्धतीने तपासली, तेव्हा ठाम संबंध उरला नाही.

असे का होते, याचे उत्तर जतच्या कोणत्याही गावात बसून देता येते. जो माणूस तंबाखू खातो त्याच्या हिरड्या खराब होतात आणि त्याच्या हृदयालाही धोका वाढतो. ज्याची साखर वाढलेली आहे त्याचेही तेच. ज्याच्या हातात पैसा नाही तो दातांच्या डॉक्टरकडे जात नाही आणि रक्तदाबही तपासत नाही. मग गुठळीला हिरडी कारण म्हणायची की तंबाखू? संशोधक गणिताने ही कारणे वेगळी काढू पाहतात, पण सवयी आणि गरिबी यांची पूर्ण वजाबाकी होत नाही. तरीही अनेक देशांतल्या अभ्यासांत तंबाखू आणि साखर वजा केल्यावरही थोडा धोका शिल्लक राहतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळा पुरावा तपासून हेच म्हटले: हिरड्यांचा रोग आणि धमन्यांचा रोग यांचा संबंध इतर ज्ञात कारणांपलीकडे टिकून राहतो, पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेले नाही आणि हिरड्यांच्या उपचाराने झटका टळतो असेही दाखवता आलेले नाही.

गुठळीतच जंतू सापडले तर? फिनलंडमधल्या टाम्पेरे येथे झटका आलेल्या १०१ रुग्णांच्या हृदयधमनीतून ओढून काढलेल्या गुठळ्या तपासल्या गेल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तोंडातल्या स्ट्रेप्टोकॉकस गटाचा डीएनए ७८ टक्के गुठळ्यांत होता, आणि पायोरियाच्या जंतूंचा सुमारे ३५ टक्क्यांत. ही साक्ष वजनदार आहे, पण घटनास्थळी हजर असणे म्हणजे गुन्हा करणे नव्हे. जंतू आधी आले आणि त्यांनी गुठळी केली, की तयार गुठळीत रक्तातून येऊन ते अडकले, हे डीएनए सांगत नाही.

उपचाराचे परिणाम पाहणारा सर्वांत बोलका प्रयोग लंडनमध्ये मॉरिझिओ टोनेटी आणि सहकाऱ्यांनी केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र पायोरियाच्या १२० रुग्णांपैकी निम्म्यांची हिरडीखालची सफाई एका बैठकीत कसून केली, उरलेल्यांची नेहमीसारखी वरवर. कसून सफाई झालेल्यांच्या धमनीचे अस्तर दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा वाईट वागले आणि रक्तात सुजेच्या खुणा वाढल्या. सहा महिन्यांनी मात्र त्यांचे अस्तर दुसऱ्या गटापेक्षा चांगले काम करत होते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या विमा-नोंदींवरूनही असेच चित्र दिसले: दात काढण्यासारख्या मोठ्या उपचारानंतर पहिल्या चार आठवड्यांत झटका किंवा अर्धांगवायू यांचे प्रमाण थोडे वाढते आणि सहा महिन्यांत मूळ पातळीवर येते. सफाईने रक्तवाहिन्यांना अखेर फायदा होतो, हे यातून पटते. झटके कमी होतात का, हे सांगायला हजारो रुग्णांचा वर्षानुवर्षे चाललेला प्रयोग लागेल.

एका ठिकाणी मात्र शंकेला जागाच नाही. लहानपणी सांधेवाताचा ताप येऊन ज्यांच्या हृदयाच्या झडपा खराब झाल्या आहेत, किंवा ज्यांना कृत्रिम झडप बसवली आहे, त्यांच्या रक्तात तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस शिरले तर ते खरबरीत झडपेवर घर करतात. त्यांच्याभोवती प्लेटलेट आणि फायब्रिन जमते आणि जंतूंनी भरलेली गुठळीच झडपेवर लटकते. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर तरुण माणसाला अर्धांगवायू होतो. भारतात सांधेवाताचा हृदयविकार अजून संपलेला नाही, त्यामुळे या रुग्णांनी दातांच्या कोणत्याही कामाआधी झडपेची गोष्ट डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक आहे. कृत्रिम झडप असणाऱ्यांना दात काढण्यापूर्वी प्रतिजैविकाचा एक डोस दिला जातो.

साखरेचा आजार या सगळ्याला दोन्ही बाजूंनी जोडलेला आहे. वाढलेल्या साखरेने हिरडी लवकर खराब होते आणि हिरडीच्या सुजेमुळे साखर आवरत नाही. हिरडीखालची सफाई केलेल्या मधुमेहींत तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे काही महिन्यांच्या साखरेचे माप, सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरते, हे अनेक चाचण्या एकत्र करून दिसले आहे. मधुमेह हे स्वतःच गुठळीचे मोठे कारण असल्याने हा फायदा हृदयापर्यंत पोहोचावा, ही अपेक्षा रास्त आहे. भारतीय उपखंडात पहिला झटका इतर देशांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षे लवकर येतो, हे ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासातून २००४ नंतर स्पष्ट झाले. म्हणून चाळिशीतल्या माणसाच्या हिरड्यांकडे इथे अधिक लवकर पाहायला हवे.

जतच्या माणसाला मोठ्या तपासणीसाठी बहुधा सांगली-मिरज गाठावे लागते. मिरजेत १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांचे रुग्णालय सुरू झाले, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सांगलीजवळ दंत महाविद्यालये आहेत, सातारा जिल्ह्यात कराडला आहे. दंत महाविद्यालयांत सफाई स्वस्तात होते. तरी लोक टाळतात, आणि त्याचे एक कारण ‘दात साफ केले की हलायला लागतात’ ही भीती आहे. प्रत्यक्षात हाड आधीच झिजलेले असते आणि दोन दातांमध्ये भरलेले कीटण त्यांना एकमेकांशी जखडून ठेवते. ते निघाले की आधीपासूनचा सैलपणा जाणवतो आणि आधी सुजलेली हिरडी आकसल्याने फटी दिसतात. सफाईने दात सैल होत नाहीत. रोज दोनदा मऊ ब्रशने घासणे आणि दातांमधल्या फटी साफ करणे यांनी नवा थर रोखता येतो. राखुंडी आणि कोळशाने दाताचे आवरण झिजते, आणि मशेरीने काय होते ते वर आलेच आहे. कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून मऊ करून वापरली तर वरचा थर बऱ्यापैकी निघतो, मात्र हिरडीखाली ती पोहोचत नाही.

ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा पायात गुठळी झाली आहे, ते ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ घेत असतात: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा नवी औषधे. दात काढायचा म्हटले की घरचे लोक किंवा कधी दवाखान्यातलेच कुणी ही गोळी आठवडाभर बंद करायला सांगतात. हृदयधमनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, बसवून काही महिनेच झाले असतील तर अशाने स्टेंटमध्येच गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. एखाद-दुसरा दात काढताना ॲस्पिरिन सहसा चालूच ठेवतात. वॉरफरिन घेणाऱ्याची आयएनआर, म्हणजे रक्त साखळण्याच्या वेळेची, तपासणी एक-दोन दिवस आधी करतात आणि ती ठरलेल्या मर्यादेत असेल तर दात काढून टाके घालतात व दाब देऊन रक्त थांबवतात. गोळी थांबवायची की नाही हे हृदयाच्या आणि दातांच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचे असते. रक्तदाबासाठी अमलोडिपिन घेणाऱ्यांपैकी काहींच्या हिरड्या दातांवर चढतात, त्यांनीही गोळी स्वतःहून न सोडता डॉक्टरांना दाखवावे. बऱ्याचदा दुसरी गोळी देता येते, आणि कीटण काढल्यावर हिरडी काही अंशी खाली बसते.